तिचं बोंडलं

"बोंडलं कुठं ठेवलंस?" आत्याबाईंनी विचारलं.

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "सापडंना."

"सापडंना म्हंजे? परवा तुझ्या हातातच हुतं की."

"बघते."

"बघ. भट्टी पेटलीया. आज हून जाऊ दे." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या क्षणभर तिथंच उभ्या राहिल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "तिशले, असं ठेवू नये गं. घरात आणखी लेकरं व्हायची हाईत."

बोंडलं तांदळाच्या डब्यात होतं. मी वरवरचे तांदूळ परातीत घेत होते आणि हात खाली गेला की बोटांना त्याचा काठ लागत होता.

आमची हुपरी चांदीच्या कामाची. घरात पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत चूल. आमच्या घरात एक रीत होती. तान्हं मूल गेलं की त्याच्या अंगाची चांदी लगेच आटवायची. दुसऱ्या बाळाला ती घालायची नाही आणि जपूनही ठेवायची नाही. माझ्या मुलीचे वाळे आदल्या दिवशीच मुशीत गेले होते. मी बघितलं नाही, पण चांदी आटवताना टाकतात त्या टाकणखाराचा वास आत आला तेव्हा कळलं. आता एवढं बोंडलंच राहिलं होतं.

बोंडलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. पण आमचं बोंडलं निराळं होतं, कारण माझी मुलगी निराळी होती. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत उकललेला होता आणि आत टाळूही जोडलेली नव्हती. तिला अंगावर ओढताच येईना. चमच्यानं घातलेलं दूध नाकातून परत यायचं, ती घुसमटायची, निळी पडायची. दवाखान्यात म्हणाले, वजन भरलं की ओठ शिवू. वजन भरायला दूध पोटात जायला हवं, आणि ते कसं घालायचं हे कुणाला सांगता येईना. आत्याबाईंनी विचारलं ते वेगळंच. "गिराणादिवशी कातर धरलीवतीस काय?" धरली होती. कड्या जोडायचं काम होतं, तार कापत बसले होते. ग्रहण आहे हे मला ठाऊकही नव्हतं. त्यानंतर माझ्यासमोरची कातर त्या उचलून ठेवायच्या.

ह्यांनी माझे लग्नातले पैंजण मागून घेतले. घरात चांदी पुष्कळ असायची, पण ती व्यापाऱ्याची. वजनानं यायची, वजनानं परत जायची. आमची म्हणावी अशी चांदी माझ्या पायातच होती. ती आटवून ह्यांनी बोंडलं केलं. पहिली चोच सरळ होती, दूध टाळूवर जायचं. मग ह्यांनी ती लांब केली, टोक चपटं केलं, एका बाजूला वळवलं, म्हणजे दूध गालात उतरेल. प्रत्येक वेळी आधी मी भट्टीपाशी आडवी पडायचे आणि हे माझ्या तोंडात पाणी ओतायचे.

"नाकात गेलं काय?"

"गेलं. मारताय काय मला?"

"बोलू नको, तोंड मिटतीस तू."

एकदा पाणी कानात गेलं आणि आम्ही दोघं इतकं हसलो की आत्याबाई बघायला आल्या. तेवढंच एकदा हसलो त्या घरात.

तरी धार एकदम यायची. शेवटी ह्यांनी चोचीच्या मुळाशी पैंजणाच्या घुंगरातला एक मणी बसवला, पुढं बारीक जाळी. वाटी कलती केली की मणी सरकायचा आणि दूध थेंब थेंब यायचं, सरळ केली की थांबायचं. मणी हलताना अगदी बारीक वाजायचा. तो वाजला की माझी मुलगी तोंड उघडायची. तिला ठाऊक झालं होतं.

ती प्यायली. पोट भरून प्यायली, तिच्या मांड्यांना वळ्या आल्या. दवाखान्यातल्या सिस्टरनी बोंडलं हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं होतं. म्हणाल्या, "हे कुणी केलं? असली आणखी बाळं येतात आमच्याकडं. पाठवू का तुमच्याकडं?" हे नुसते हसले होते. आणि मग एका सकाळी ती थंड पडायला लागली. ओठाकडं सगळ्यांचं लक्ष होतं, आत काळजालाही भोक होतं ते नंतर कळलं.

हे सगळं मी आता सलग सांगू शकते. नंतर झालेला मुलगा आत झोपलाय, उठायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसलेय. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की डबा कुणाला उघडू द्यायचा नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी म्हणालं, "सुकुमार पैंजणवाल्याचं घर हेच न्हवं?"

एक म्हातारी बाई आणि तिच्यामागं माझ्याच वयाची मुलगी. मुलीच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ते रडलं तेव्हा मला कळलं. तसलं रडणं मी ओळखते. नाकातून फुटणारा, वारा गळाल्यासारखा आवाज. माझ्या अंगातून दूध सुटलं आणि चोळी ओली झाली. आत्याबाईंनी पाहिलं आणि माझा पदर ओढून पुढं घेतला.

"या की. कुठनं आलासा?"

"बोरगावास्नं. सिस्टरबाईंनी पत्ता दिला." म्हातारी टेकली. तिचं नाव तानूबाई, मुलगी महानंदा. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. "ह्या नातीचं बगा की. ओठ हाय असा. पाजलं की नाकातनं येतंय. सिस्टरबाई म्हणाल्या, हुपरीत एकांनी बोंडलं केलंय, त्यांची पोरगी लई झकास प्याली, गुटगुटीत झाली. म्हटलं जाऊन बघावं."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "हां, केलंय की."

महानंदानं टॉवेल बाजूला केला. बाळ माझ्या मुलीपेक्षा लहान दिसत होतं, वयानं मोठं असून. हातांची कातडी सैल लोंबत होती. ते रडत होतं, पण रडायलाही त्याच्यात बळ नव्हतं. मध्येच थांबून नुसतं तोंड उघडं ठेवायचं.

"आडवं धरू नका," मी म्हणाले. "उभं धरा, मांडीवर बसवल्यासारखं. असं."

मी बाळ घेतलं. घ्यायला नको होतं. ते माझ्या हातात तंतोतंत बसलं.

"असल्या लेकराच्या आईला बरोबर ठाऊक," तानूबाई लेकीला म्हणाली. "बघ, कशी धरलीया. तू आपली पोतं धरल्यासारखी धरतीस."

"मला कुणी शिकीवलंय?" महानंदा फणकारली. मग माझ्याकडं वळली, आवाज एकदम बदलला. "ताई, तुमची पोरगी कुठाय?"

"झोपलीया," आत्याबाई म्हणाल्या.

इतक्या पटकन म्हणाल्या की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"दावा की जरा."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवाय नगो."

"उठवत न्हाई. लांबनंच बघती." महानंदा हात जोडल्यासारखं करत होती. "माझं मन लई भ्यालंय हो. सगळी म्हणत्यात, असलं लेकरू जगत न्हाई. सासरची तर बघायलाबी आली न्हाईत. एक डाव बघितलं, की असलंच लेकरू हाय आणि पितंय, जगलंय, तर मी घरी जाऊन कुणालाबी तोंड दीन. नुसतं पाय बघती, वाटल्यास."

भट्टीपाशी ह्यांच्या हातातला चिमटा थांबला होता. ते तिथूनच बघत होते. मुलगी गेल्यापासून ते कुणाशी बोलले नव्हते. माझ्याशीही नाही.

मी बाळ महानंदाकडं दिलं आणि आतल्या खोलीत गेले. का गेले, सांगता येत नाही. आढ्याला कडी होती, पाळण्याचे दोर सोडलेले होते. कडीखाली भिंतीवर पाळणा घासून घासून चुना निघाला होता. मी तिथं थोडी उभी राहिले. बाहेरून आत्याबाईंचा आवाज येत होता, "भात खाऊनच जावा आता..."

मी बाहेर आले, महानंदासमोर बसले.

"पोरगी नाही हो," मी म्हणाले. "गेली. आठवडासुद्धा झाला नाही."

तानूबाई उठलीच. "अगं माझ्या शिवा! उठ. उठ आधी. बाळ झाक."

"आई, थांब."

"थांब काय थांब? भरल्या घरात झोपलीया म्हणून सांगत्यात! गेलेल्या लेकराचं भांडं ह्याच्या तोंडाला लावायचं काय? उठ म्हणती न्हवं?"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला होता. "म्या म्हटलं..." त्या म्हणाल्या. "पोर भ्यालीया, तिला धीर..."

महानंदा उठली नाही. माझ्याकडं बघत होती. "दुधानं गेली?"

"नाही. काळजाला भोक होतं. दूध शेवटच्या दिवशीबी प्याली."

"त्याच बोंडल्यानं?"

"त्याच."

"मग मला ते पायजे."

"तुला येड लागलंय!" तानूबाईनं कपाळ बडवलं. "लोकं काय म्हणतील? तुझी सासू काय म्हणंल? आधीच म्हणतीया, गिराणात चिरलंस म्हणून. आता हे कळलं तर दारात उभी करंल काय तुला?"

"न्हाई तर न्हाई करंल! हे मेल्याव करणार हाय व्हय?"

बाळ तोंड उघडून बंद करत होतं.

"आटवतो," हे म्हणाले.

आवाज बसलेला होता. खाकरून परत म्हणाले, "मावशी, आटवून नवं करतो. तुमच्यासमोर. आटल्यावर चांदीला मागचं काही राहत नाही. तुमच्या पायातली जोडवी आधी कुणाच्या अंगावरची, ते तुम्हाला तरी ठाऊक हाय काय?"

तानूबाईनं स्वतःच्या पायाकडं पाहिलं. चांदीच्या गावाजवळच राहणारी बाई. तिला ते ठाऊक होतंच, फक्त कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. ती हळूहळू खाली बसली.

"दुसऱ्या चांदीचं करा की मग," ती म्हणाली.

"दुसरी आपली न्हाई. व्यापाऱ्याची हाय." हे माझ्याकडं बघत होते. आत्याबाईही. मागितलं कुणीच नाही. मागितलं असतं तर मी दिलं नसतं, असं मला अजून वाटतं.

मी डबा ओढला आणि तांदळात हात घातला. बोंडलं बाहेर काढलं तेव्हा त्याच्या चोचीत दोन दाणे अडकले होते. ते काढले. वाटी एकदा कलती केली. मणी वाजला. बोरगावच्या बाळाला त्याचं काही नव्हतं, ते आपलं रडत राहिलं.

मग मी ते ह्यांच्या हातात दिलं.

मुशीत जाईपर्यंत मी बघितलं. चोच आधी वाकली. मग सगळंच एकदम बसलं, आणि मुशीच्या तळाला एक चकचकीत गोळा फिरायला लागला. ह्यांनी टाकणखाराची चिमूट टाकली. लगड ओतली, ठोकली, रुळातून काढली. पत्रा झाला. मी आणि महानंदा मध्ये बाळ घेऊन बसलो होतो. तिनं आपलं दूध वाटीत काढलं होतं आणि मी त्यांच्याच चमच्यानं बाळाच्या गालात एक एक थेंब सोडत होते, तग धरण्यापुरता. ते रडलं की हातोडी जलद पडायची, गप्प झालं की ह्यांची हातोडी थांबायची आणि ते वळून बघायचे.

आता आमच्याकडं हातोडी नाही. हातकणंगल्याच्या वसाहतीत शेड आहे, दाब देणारी यंत्रं आहेत, चौदाजणी बायका पॅकिंगला आहेत. चांदी परवडत नाही म्हणून पुढं स्टीलचं केलं, ते आत्याबाईंनी सुचवलं. चोचीला मऊ टोक आलं. दवाखाने मागवतात, पार गुजरात-आंध्रातून. लोक बोलावतात, सत्कार करतात, विचारतात की हा धंदा सुचला कसा. मी म्हणते, गरज होती. ते टाळ्या वाजवतात. पण खरं तर धंदा त्या दुपारी सुरू झाला, आणि तो आत्याबाईंनी केला.

नवं बोंडलं झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. तसंच होतं ते, आणि नव्हतंही. चोच थोडी आखूड, कारण ह्या बाळाचं तोंड लहान. मणी नवा, त्याचा आवाज वेगळा. मी उकळत्या पाण्यात टाकून काढलं, गार केलं, महानंदाच्या हातात दिलं.

"तुम्हीच पाजा," ती म्हणाली.

"नाही. तू पाज. उद्या मी नसणार."

पहिल्यांदा दूध हनुवटीवर सांडलं. मी तिचं मनगट धरून जरा बाजूला वळवलं. बाळानं आवंढा गिळला. आम्ही सगळे नाकाकडं बघत होतो. काही आलं नाही. परत गिळलं. मग त्याची मूठ सुटली आणि ते मन लावून प्यायला लागलं, भुवया वर करून, जसं काही मोठं काम चाललंय. तानूबाई पदर तोंडात धरून बसली होती.

बाळ झोपल्यावर तिनं कनवटीचा रुमाल सोडला. हे म्हणाले, "राहू द्या, मावशी."

"घ्यायचं," आत्याबाई म्हणाल्या. "चांदीचं काही नगो. मजुरी ठेवा."

मला त्यांचा असा राग आला की तिथून उठून जावंसं वाटलं. मुलीच्या मातीवर अजून ओल होती आणि ह्या मजुरी मागत होत्या. पण तानूबाईचा चेहरा मी पाहिला. ती एकदम सैल झाली. रुमालातून काढलं ते तिनं आत्याबाईंच्या हातात दाबलं. आता ते बोंडलं कुणाच्या मेल्या लेकराचं दान नव्हतं. ते विकत घेतलेलं होतं, त्यांचं होतं. असं झालं नसतं तर घरी पोचायच्या आत म्हातारीनं ते नदीत टाकलं असतं, हे आत्याबाईंना कळत होतं. मला फार उशिरा कळलं.

त्या दोघी निघाल्या. उंबऱ्यात महानंदा थांबली. बाळ खांद्यावर, बोंडलं पदराच्या गाठीत.

"ताई, नाव काय हुतं तिचं?"

मी आत्याबाईंकडं पाहिलं.

आत्याबाई जमिनीकडं बघत होत्या. "ठेवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या ठेवू दिलं न्हाई. म्हटलं, ओठ शिवू दे. बारशाला माणसं येत्यात, पाळण्यात वाकून बघत्यात, काय काय बोलत्यात. ओठ शिवल्याव करू म्हटलं झोकात."

महानंदा खांद्यावरच्या बाळाला थोपटत म्हणाली, "हिचंबी ऱ्हायलंय. सासरची येतील मग करू म्हणून."

"न्हाई." आत्याबाईंनी तिचा दंड धरला. "कुणाची वाट बघू नगासा. आजच ठेवा. हितंच ठेवा. ओ तानूबाई, तुम्ही आजी हाईसा न्हवं? सांगा तिच्या कानात."

"असं उभ्याउभ्या? पाळणा न्हाई, घुगऱ्या न्हाईत..."

"असंच."

तानूबाईनं लेकीकडं पाहिलं. महानंदानं मान हलवली. मग म्हातारी वाकली, बाळाच्या कानावर तोंड नेलं, 'कुर्र' केलं आणि काहीतरी पुटपुटली. आम्हाला ऐकू आलं नाही. बाळ झोपेतच जरासं हललं.

कानात नाव सांगणारीच्या पाठीत बाकीच्या बायकांनी बुक्के मारायचे असतात, थट्टेनं. तिथं बायका अशा कितीशा होत्या? आत्याबाईंनी मूठ वळली आणि तानूबाईच्या पाठीत एक हलका बुक्का मारला, रीत म्हणून. मग दुसरा मारला. मग थांबल्याच नाहीत. मारत राहिल्या, जोरजोरात, तोंडातून आवाज न काढता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरायला पुढं झाले.

तानूबाई हूं की चूं न करता तशीच वाकून राहिली. मला म्हणाली, "राहू दे गं. मारू दे त्यांना."